कोरियाहून आलेलं लाल जिनसेंग सासऱ्यांना द्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दीर कोरियन कंपनीत आहेत. त्यांच्या साहेबांनी सोलहून येताना लाल जिनसेंगच्या अर्काची बरणी भेट आणली. सासरे 71 वर्षांचे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, हृदयाची झडप बदलून धातूची बसवली आहे म्हणून वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू आहे. अलीकडे फार थकतात, जिना चढवत नाही, दुपारी अगदी गळून जातात. रात्री दुधातून अश्वगंधा चूर्ण घेतातच. तर बरणीतलं किती द्यायचं, कधी द्यायचं, आणि अश्वगंधेलाच 'इंडियन जिनसेंग' म्हणतात तर दोन्ही एकत्र चालेल का? जाता जाता यजमानांचंही विचारलंत: वय 44, तब्येत ठणठणीत, 'स्टॅमिना' वाढावा म्हणून.

आधी उत्तर देते, मग कारणं. सासऱ्यांना जिनसेंग देऊ नका, चमचाभरसुद्धा नाही. यजमानांना काही अटींवर चालेल. आणि सासऱ्यांचा थकवा कशामुळे आहे ते अजून कुणी शोधलेलं दिसत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

मी आयुर्वेदाची वैद्य आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्यापासून अशा बरण्या आणि पाकिटं माझ्या टेबलावर नेहमी येतात. आणणारा प्रेमानं आणतो, घरचे प्रेमानं वडीलधाऱ्यांना देतात. त्यामुळे 'हे काय परदेशी खूळ' असं मी कधीच म्हणत नाही. जिनसेंग हे फार मोठं औषध आहे. मोठं आहे म्हणूनच ते कुणाला द्यायचं याचे नियम ज्यांनी ते वापरलं त्यांनीच घालून ठेवले आहेत.

खरं जिनसेंग म्हणजे पॅनाक्स जिनसेंग. ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्वेचा भाग इथल्या डोंगरी जंगलांतली, सावलीत वाढणारी छोटी वनस्पती. दरवर्षी तिचा दांडा झडतो आणि मुळाच्या मानेवर त्याचा व्रण राहतो. जाणकार ते व्रण मोजून मुळाचं वय सांगतात. मूळ फुटलेलं असतं, दोन पाय आणि दोन हात असल्यासारखं दिसतं. कोरियात रानातलं जिनसेंग शोधणाऱ्यांना सिममानी म्हणतात. मूळ दिसलं की ते मोठ्यानं आरोळी देतात, इतकी ती वस्तू दुर्मीळ. बाजारात येतं ते मात्र जवळजवळ सगळं शेतातलं. दक्षिण कोरियातलं गुमसान हे त्याचं जुनं केंद्र. तिथली जिनसेंगची पारंपरिक शेतीपद्धत 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा म्हणून नोंदवली. शेतावर उतरत्या छपराची सावली करतात. पीक चार ते सहा वर्षं जमिनीत राहतं, आणि एकदा काढलं की त्याच जमिनीत पुन्हा लगेच जिनसेंग नीट येत नाही, बरीच वर्षं थांबावं लागतं. किंमत जास्त असण्याचं हे एक कारण.

तुमच्या बरणीत 'लाल' जिनसेंग आहे. लाल ही वेगळी जात नव्हे, प्रक्रियेचा फरक आहे. ताजं मूळ म्हणजे सुसाम. सोलून किंवा तसंच उन्हात वाळवलं की ते पांढरं होतं, त्याला बेकसाम म्हणतात. सहा वर्षांचं मूळ सालीसकट वाफवून मग वाळवलं की होंगसाम, म्हणजे लाल जिनसेंग. वाफवलेलं मूळ तपकिरी-लालसर आणि काचेसारखं कडक होतं, काप उजेडात धरला तर कडेनं किंचित पारदर्शक दिसतो. वाफवल्यानं ते टिकतं, किडत नाही. शिवाय आतली द्रव्यंही बदलतात. जिनसेंगमधली मुख्य द्रव्यं म्हणजे जिनसेनोसाइड. त्यातली काही उष्णतेनं मोडून आरजी-3 सारखी नवी तयार होतात, जी पांढऱ्यात जवळपास नसतात. म्हणून पांढऱ्याचा अभ्यास लाल जिनसेंगला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मुद्दाम सांगते.

आता परंपरा काय म्हणते ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी द्रव्यगुणग्रंथात जिनसेंग वरच्या वर्गात येतं: पाचही अंतर्गत अवयवांना बळ देणारं, मन शांत करणारं, धडधड थांबवणारं, बुद्धीला पोषक. इतकंच वाचलं तर वाटतं, रोज सगळ्यांनी घ्यावं. पण पुढच्या वैद्यांनी ते कसं वापरलं ते पाहा. झांग झोंगजिंग या इसवी सन 200 च्या सुमारच्या वैद्याच्या योगांमध्ये जिनसेंग येतं ते बहुधा आजारात उलटी, जुलाब किंवा घाम होऊन रोगी खचल्यावर. दुशेन तांग नावाचा काढा तर फक्त जिनसेंगचा. खूप रक्तस्राव होऊन माणूस गारठायला लागला, नाडी हाताला लागेना, अशा वेळी मोठ्या मात्रेत तो देत. म्हणजे ज्याचं बळ खरोखर संपलंय त्याच्यासाठी, वैद्यानं नाडी पाहून, ठरावीक काळापुरतं दिलेलं हे औषध होतं.

आणि कुणाला द्यायचं नाही याचीही यादी आहे. सर्दी-ताप नुकताच सुरू झालाय, अंगात उष्णता आहे, तोंड लाल आहे, डोकं ठणकतंय, झोप नाही, जीभ लाल आणि कोरडी आहे, अशा माणसाला जिनसेंग नको. तापात दिलं तर चोर घरात असताना दार लावून घेतल्यासारखं होतं, असं चिनी वैद्य सांगतात. जिनसेंग चालू असताना मुळा खायचा नाही, हाही तिथला जुना दंडक.

हे वाचताना मला आपल्याकडचं बृंहणाचं, म्हणजे शरीर भरून आणण्याचं सूत्र आठवतं. शरीरात आम, म्हणजे न पचलेला अंश साचलेला असताना, अग्नी, म्हणजे पचनशक्ती मंद असताना बृंहण द्रव्य द्यायचं नाही. आधी पाचन, आधी कोष्ठशुद्धी, म्हणजे पोट साफ करणं, मग रसायन, म्हणजे बळ देणारं औषध. दोन देशांतले वैद्य आपापल्या रोग्यांकडे बघून एकाच जागी येऊन पोचले आहेत: बळ देणारं औषध देण्याआधी बळ का गेलं ते पाहा.

कोरियात मात्र जिनसेंग घराघरात उतरलं. कडक उन्हाळ्यातल्या साम्बोकच्या तीन दिवसांत तिथे समग्येतांग खातात. कोवळी कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, लसूण, लाल खजुरासारखी दिसणारी बोरं आणि जिनसेंगचं एक कोवळं मूळ, असं सगळं एकत्र शिजवलेलं सूप. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना, म्हाताऱ्या आईवडिलांना, साहेबांना, सासऱ्यांना लाल जिनसेंग भेट देणं हा तिथला शिष्टाचार आहे. दिरांच्या साहेबांनी दिलेली बरणी ही आदराची वस्तू आहे, म्हणून नाही म्हणताना त्याचा अनादर नको. पण सूपात शिजलेलं एक कोवळं मूळ आणि घट्ट आटवलेला अर्क यांच्या मात्रेत फार अंतर आहे.

अमेरिकन जिनसेंगचंही सांगते, कारण औषधांच्या दुकानात तेही मिळतं. 1709 मध्ये मांचुरियात नकाशे काढायला गेलेल्या जार्तू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं ही वनस्पती पाहिली, स्वतः अर्धं मूळ खाऊन नाडी भरल्याचं आणि भूक लागल्याचं लिहिलं, आणि कॅनडाच्या जंगलातही ती सापडेल असा अंदाज केला. 1716 मध्ये माँट्रिअलजवळ लाफितो या दुसऱ्या जेझुइटानं तिथल्या मूळ रहिवासी मोहॉक लोकांच्या मदतीनं तिची भावंड जात शोधलीही. चीनमध्ये हे अमेरिकन जिनसेंग थंड गुणाचं मानतात, कोरियन उष्ण. सायबेरियन जिनसेंग म्हणून मिळतं ते मात्र पॅनाक्सच नव्हे. अमेरिकेत 2002 पासून त्याला जिनसेंग म्हणून विकायला कायद्यानं बंदी आहे.

आता आजचं शास्त्र. जिनसेंगवर अभ्यास भरपूर झालेत, पण बरेचसे लहान आणि थोड्या काळाचे आहेत. मला त्यातून जे घेण्यासारखं वाटतं ते एवढं. थकव्यावर मध्यम प्रतीचा पुरावा आहे. 2013 मध्ये अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज 2 ग्रॅम अमेरिकन जिनसेंग घेणाऱ्यांचा थकवा आठ आठवड्यांनी औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला, चार आठवड्यांनी मात्र ठळक फरक नव्हता. जेवणानंतरची साखर थोडी उतरते, हे टोरांटोच्या अभ्यासांत दिसलं आहे. स्मरणशक्ती वाढते असं खात्रीनं म्हणावं इतका पुरावा नाही. आणि पुरुषांच्या ज्या तक्रारीसाठी ते सगळ्यात जास्त खपतं, त्याबद्दल 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, परिणाम अगदी नगण्य निघाला. युरोपात अशक्तपणा आणि थकवा यांवरचं 'पारंपरिक वापराचं' औषध म्हणून त्याला मान्यता आहे. जर्मनीच्या कमिशन ई या वनौषधी तपासणाऱ्या सरकारी समितीनं मात्रा दिली आहे दिवसाला 1 ते 2 ग्रॅम वाळलेलं मूळ, तेही साधारण तीन महिन्यांपर्यंतच.

सासऱ्यांकडे वळूया.

पहिला धोका वॉरफेरिनचा. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून ते दिलेलं असतं, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, डॉक्टरांनी ठरवलेल्या पट्ट्यातच राहावा लागतो; उतरला तर गुठळीची भीती, चढला तर रक्तस्रावाची. 1997 मध्ये अशाच धातूच्या झडपेच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. त्यानं जिनसेंगच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि आयएनआर 3.1 वरून 1.5 वर आला, बंद केल्यावर पुन्हा वर गेला. 2004 मध्ये निरोगी लोकांवर झालेल्या अभ्यासात अमेरिकन जिनसेंगनं वॉरफेरिनचा परिणाम कमी केला. कोरियन जिनसेंगच्या एका अभ्यासात असा फरक दिसला नाही, हे खरं आहे. पण लाल जिनसेंग रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू देत नाही म्हणून रक्ताभिसरणासाठी चांगलं, असा दावा कोरियाच्या अन्न-औषध खात्यानंच मान्य केलेला आहे. म्हणजे एकीकडून गुठळीची भीती, दुसरीकडून रक्तस्रावाची. कुणावर कुठला परिणाम होईल ते आधी सांगता येत नाही. झडपेवर गुठळी झाली तर पक्षाघात होऊ शकतो. चमचाभर उत्साहासाठी हा धोका घ्यायचा नसतो.

दुसरा धोका साखरेचा. ग्लिमेपिराइड साखर खाली आणतं, जिनसेंग थोडी आणतं, आणि अश्वगंधाही त्याच दिशेनं काम करते. 71 व्या वर्षी रात्री साखर उतरली तर माणूस घाम येऊन उठतो किंवा उठतच नाही.

आता थकवा. मला तुमच्या सासऱ्यांना समोर बसवून विचारायला आवडलं असतं. ते शक्य नाही म्हणून तुम्हीच पाहा. तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 कमी होतं, आणि आपल्याकडचे शाकाहारी लोक आधीच त्या बाबतीत काठावर असतात. अशा घरांत 'अशक्तपणा' म्हणून अश्वगंधा, च्यवनप्राश, प्रोटीन पावडर सगळं चालू असतं, आणि बी-12 कुणी तपासलेलंच नसतं. शौचाला काळं होतं का, हिरड्यांतून रक्त येतं का? वॉरफेरिनवर हळूहळू रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं. दुपारी गळून जातात तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर किती येते? जेवणाला उशीर झालेल्या दिवशी जास्त होतं का? जिना चढताना थकवा येतो की धाप लागते? पायावर सूज आहे का, रात्री उशी उंच लागते का? तसं असेल तर ते हृदयाचं दुखणं आहे, आणि झडप बसवलेल्या माणसाबाबतीत त्यात उशीर चालत नाही. नाडी मंद करणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर तिनंही थकवा येतो.

म्हणून या आठवड्यात हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), बी-12, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि आयएनआर करून घ्या, आणि रिपोर्ट घेऊन त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना भेटा. यातलं एक जरी कारण सापडलं तर त्यावरचा उपाय कुठल्याही जिनसेंगपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा असेल. नाहीतर जिनसेंगनं चार दिवस तरतरी येते, घरचे निर्धास्त होतात आणि मूळ दुखणं आत वाढत राहतं.

अश्वगंधेचं विचारलंत. आपल्याकडे खेड्यात तिला आस्कंद म्हणतात. ती वांगी-टोमॅटोच्या कुळातली, जिनसेंगशी तिचं वनस्पती म्हणून काही नातं नाही. जिनसेनोसाइड तिच्यात नसतात, विथॅनोलाइड नावाची वेगळी द्रव्यं असतात. 'इंडियन जिनसेंग' हे नाव विक्रीचं आहे. सफेद मुसळीलाही लोक तेच लावतात. अश्वगंधा आणि जिनसेंग दोन्ही बळ देणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात, तेवढंच साम्य. चरकानं अश्वगंधा बल्य (बळ देणाऱ्या) आणि बृंहणीय (शरीर भरणाऱ्या) अशा दोन्ही गणांत घेतली आहे आणि मी ती रोज वापरते. वाताच्या, कृश, झोप न येणाऱ्या माणसाला रात्री दुधातून दिलेली अश्वगंधा फार छान काम करते. जिनसेंगचा स्वभाव जागं करणारा. ते सकाळी घ्यायचं, रात्री घेतलं तर झोप उडते. म्हणून 'दोन्ही एकत्र म्हणजे दुप्पट ताकद' असा हिशोब मला पटत नाही.

सासऱ्यांची अश्वगंधा मात्र एकदम बंद करू नका. आयएनआर सध्या तिच्यासकट जमवलेला असेल. डॉक्टरांना सांगा की हे चालू आहे, किती घेतात, कधीपासून घेतात. ती साखर कमी करू शकते, थायरॉइडची पातळी वाढवू शकते, आणि क्वचित यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तेही एकदा तपासलेलं बरं. ठेवायची की थांबवायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. मनानं काही बदलू नका.

सासऱ्यांनी त्या बरणीतलं आधीच काही घेतलं असेल तर घाबरू नका. लगेच थांबवा, दोन-तीन दिवसांत आयएनआर करा आणि आठवड्यानं परत एकदा करा. बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय जड होणं, अचानक धाप लागणं, यातलं काही झालं तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा.

यजमानांसाठी. आधी रक्तदाब मोजा. तो वाढलेला असेल, झोप नीट नसेल, छातीत धडधड होत असेल, पित्ताचा त्रास असेल तर नको. रक्त पातळ करणारी, नैराश्यावरची किंवा मधुमेहाची कुठलीही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. असं काही नसेल तर बरणीसोबत येणारा छोटा चमचा, तो साधारण एका ग्रॅमचा असतो, सकाळी नाश्त्यानंतर कोमट पाण्यात ढवळून एकदाच. चव आधी कडू, मग मातकट-गोड लागते. मध घातला तरी चालेल. सोबत कडक चहा-कॉफी कमी करा, नाहीतर हात थरथरतात, चिडचिड होते. सहा ते आठ आठवडे घेऊन थांबवा. डोकं दुखलं, झोप उडाली, पोट बिघडलं तर त्याआधीच थांबवा. दात काढायचा असेल किंवा कुठलं ऑपरेशन असेल तर निदान आठवडाभर आधी बंद. 'स्टॅमिना' शब्दामागे दुसरी तक्रार असेल तर ती मोकळेपणानं डॉक्टरांना सांगू दे. 44 व्या वर्षी ती मधुमेहाची किंवा रक्तवाहिन्यांच्या दुखण्याची पहिली खूण असू शकते.

घरात कुणी गरोदर असेल किंवा मूल अंगावर पीत असेल तर त्या बाईनं हे घेऊ नये, आणि लहान मुलांना तर चाखवूही नका.

लेबल वाचताना एवढं बघा. निव्वळ अर्क असेल तर बरणीत काळपट तपकिरी, मधापेक्षा घट्ट असा पदार्थ असतो आणि तसं लिहिलेलं असतं. पाकिटातून थेट प्यायच्या द्रवात मूळ अर्क थोडा आणि पाणी, मध, इतर वनस्पती जास्त असं खूपदा असतं. कँडी आणि चहाच्या पुड्यांमध्ये तर साखरच मुख्य. आपल्याकडच्या मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूलवर जिनसेंगच्या मुळाचं चित्र मोठं असतं, आत बरेचदा पन्नास मिलीग्रॅमच्या आतच जिनसेंग असतं. पण सासऱ्यांना तशीही कॅप्सूल चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, कारण वॉरफेरिनच्या रुग्णानं लपलेली मात्राही सांगायला हवी. बरणी उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि चमचा कोरडाच वापरा.

दिरांनी साहेबांना एवढंच सांगावं की वडिलांना रक्ताचं औषध चालू आहे म्हणून डॉक्टरांनी मना केलं, घरातले बाकीचे घेतील. कोरियन माणसाला हे लगेच पटेल. रिपोर्ट आले की हिमोग्लोबिन, बी-12 आणि आयएनआरचे आकडे, आणि दुपारी गळून जातात तेव्हाची साखर मला कळवा.